एका भुवईचा दिवस

त्या दिवशी सकाळी माझी उजवी भुवई काढून झाली आणि फोन वाजला. बोलणे दोन-तीन मिनिटांतच आटोपले असावे, पण तेवढ्यात पेन्सिलीला टोपण लागले, आरशावरचा दिवा बंद झाला आणि मी पिशवी उचलून घराबाहेर पडले. दिवसभर कामावर होते. एक लांबलचक बैठक झाली, तीत मी दोनदा बोलले. जिन्यात उभ्या-उभ्या तिघी-चौघींशी गप्पा झाल्या. एका नव्या माणसाशी ओळख करून देण्यात आली आणि त्याने माझ्याकडे नीट पाहून नमस्कार केला. संध्याकाळी हात धुताना मान वर गेली, तेव्हा आरशात एकाच चेहऱ्यात दोन बायका शेजारी-शेजारी बसलेल्या दिसल्या. उजवीकडची ठाम, थोडीशी करारी. डावीकडची बोलता-बोलता वाक्य विसरल्यासारखी. डाव्या डोळ्यावर नाकाच्या बाजूला केसांचा एक लहानसा पुंजका होता, मग करंगळीचे टोक मावेल एवढी उघडी कातडी, मग वाट चुकलेले चार-पाच केस, आणि त्यापुढे कानशिलापर्यंत काहीच नव्हते. नऊ तास मी एका भुवईनिशी वावरले होते आणि मला कोणीही, एका शब्दानेही, काही म्हटले नव्हते.

ते कोणाच्याच लक्षात आले नव्हते, की सगळ्यांच्याच लक्षात आले होते?

हा प्रश्न मला पुढे कित्येक दिवस टोचत राहिला, कारण त्याची दोन्ही उत्तरे मला नको होती. कोणाच्याच लक्षात आले नसेल, तर गेली सात वर्षे रोज सकाळी आरशाला नाक टेकवून मी जी दहा-बारा मिनिटे घालवते ती कोणासाठी? आणि सगळ्यांच्या लक्षात येऊनही सगळे गप्प राहिले असतील, तर ती दया होती. आणि भुवईवरून कोणी आपली दया करावी हे मला अपमानापेक्षाही अवघड वाटले. दातात काही अडकले असेल किंवा बटण उघडे राहिले असेल, तर बायका एकमेकींना डोळ्याने खुणावतात. त्यासाठी ठरलेल्या खुणा आहेत, ठरलेली कुजबुज आहे. पण ‘अगं, तुझी एक भुवई घरीच राहिली आहे’ हे कसे सांगायचे, याची रीत अजून कोणी घालून दिलेली नाही. त्यांच्या जागी मी असते, तर मीही जिन्याच्या कठड्याकडे पाहत बोलले असते.

डोक्यावरचे केस जातात तेव्हा पुरावे ठेवून जातात. कंगव्यात गुंतवळ येते, न्हाणीघराच्या जाळीत पुंजका साचतो, उशीवर लांब धागे सापडतात. माणूस घाबरतो, पण निदान काय चालले आहे ते त्याला कळते. भुवईचा केस जाताना असा बोभाटा करत नाही. तो आधीच नखाएवढा, तोंड पुसताना पंचाला लागून गेला तर कोणी हिशेब ठेवावा? माझ्या भुवया कोणत्या वर्षी विरळ व्हायला लागल्या हे मला आजही सांगता येणार नाही. मला कळले ते पेन्सिलीमुळे. पूर्वी मी बाहेरच्या टोकाला फक्त एक हलका फराटा ओढत असे. तो फराटा हळूहळू आत सरकत गेला आणि एके दिवशी लक्षात आले की आता मी भुवईत रंग भरत नाही, भुवईच काढते आहे. त्या दिवसापर्यंत जे गेले होते त्याचे दुःख करायलाही उशीर झाला होता.

पुढे वाचताना कळले की या केसांचा सगळा संसारच वेगळा असतो. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षे सलग वाढत राहतो, म्हणून त्याची वेणी होते. भुवईच्या केसाला वाढायला जेमतेम काही आठवडेच मिळतात; मग तो थांबतो, महिनोन्महिने विश्रांती घेतो आणि गळतो. म्हणूनच भुवया आपल्या पापणीवर लोंबत नाहीत. एका वेळी बहुतेक केस विश्रांतीतच असल्यामुळे आज काही केले तर त्याचे फळ दिसायला तीन-चार महिने लागतात. उपाय करणाऱ्याचा धीर सुटतो तो याच काळात. दुसऱ्या आठवड्यात तो भिंगातून बघतो, चौथ्या आठवड्यात वैतागतो, सहाव्या आठवड्यात बाटली बदलतो.

आता कबुलीची गोष्ट. माझ्या विरळ भुवयांना मी स्वतः बऱ्याच अंशी जबाबदार आहे. मी वयात आले तेव्हा, म्हणजे १९९० च्या दशकात, भुवई धाग्यासारखी बारीक असावी असे सगळ्या जगाने ठरवून टाकले होते. पार्लरच्या त्या खुर्चीचा मागे कलणारा पाठीचा भाग, गळ्याभोवती खोचलेला नॅपकिन, पावडरीचा वास, आणि एका हाताने पापणी खाली, दुसऱ्या हाताने कपाळ वर ताणून धरण्याची ती आज्ञा मला अजून आठवते. दोऱ्याचा पीळ कातडीवरून सरकताना एक बारीक, कोरडा आवाज येत असे, जणू कोणी कानाशी कागद फाडत आहे. डोळ्यांतून पाणी येई आणि दुसऱ्या भुवईच्या वेळी हमखास शिंका येत. शेवटी लहान आरसा हातात देऊन ती बाई विचारत असे, ‘‘अजून थोडी बारीक करू?’’ आणि प्रत्येक वेळी मी हो म्हणत असे. घरी येऊन चिमट्याने उरलेसुरले चुकार केस मी वेचून काढत असे. ते वेचताना मनाला जे समाधान होई ते खोटे नव्हते, हेही सांगून टाकते. केस एकदा-दोनदा उपटला तर परत येतो. पण वर्षानुवर्षे त्याच मुळाला ओढत राहिले, की मूळ दुखावते आणि एखादे दिवशी केस उगवण्याचे सोडून देते. पुढे दाट भुवयांचे दिवस आले. फॅशन फिरली, केस फिरले नाहीत.

आपल्या भाषेतही एक गंमत आहे. भुवई ‘काढणे’ म्हणजे उपटणेही आणि चितारणेही. तरुणपणी मी भुवया काढल्या आणि आता रोज सकाळी भुवया काढते. क्रियापद बदलण्याचीसुद्धा गरज पडलेली नाही.

असे करणारी मी पहिली नाही, हे कळल्यावर थोडे बरे वाटले. जपानमध्ये हेइआन काळातल्या, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या, खानदानी स्त्रिया आपल्या भुवया पूर्ण उपटून कपाळावर बऱ्याच उंच जागी काळे, धूसर ठिपके रेखत. मूळची जागा पसंत नसेल तर भुवईलाच दुसरीकडे हलवायचे, हा आत्मविश्वास मला फार आवडला. आणि मोनालिसा. तिला भुवया नाहीत हे ज्ञान सगळ्यांनाच असते. पण २००७ मध्ये पास्काल कोत या फ्रेंच अभियंत्याने त्या चित्राची अतिशय सूक्ष्म छायाचित्रे तपासून सांगितले, की डाव्या डोळ्यावर भुवईच्या एका केसाचा, फक्त एका केसाचा, कुंचल्याचा फटकारा आढळला. म्हणजे भुवया होत्या आणि काळाच्या ओघात, कदाचित साफसफाईत, पुसल्या गेल्या, असा त्याचा निष्कर्ष. चित्रकलेचे मला फारसे कळत नाही. पण तो एक केस मी माझ्या डाव्या भुवईच्या खात्यावर जमा करून घेतला.

आपण दोऱ्याचेच फळ भोगतो आहोत असे मानून मी बरीच वर्षे डॉक्टरांकडे गेले नाही. स्वतःची चूक असली की माणूस औषधही मागत नाही. शेवटी गेले ती दुसऱ्याच कशासाठी, आणि त्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी माझ्या तक्रारीऐवजी माझ्या भुवयांकडे पाहायला सुरुवात केली. त्यांनी ओल्या कापसाने पेन्सिल पुसून टाकली. परक्या माणसासमोर भुवया पुसल्या जाताना मला जेवढे उघडे वाटले तेवढे कपडे उतरवतानाही वाटत नाही. मग त्यांनी दिवा असलेले एक लहानसे भिंग कातडीवर टेकवले. केस नसलेल्या जागी मुळांची तोंडे दिसतात का, हे त्या पाहत होत्या. तोंडे दिसली तर आशा असते. कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली असेल तर आत व्रण होऊन मूळच बुजलेले असते. मग त्यांनी कपाळावरचे केस मागे सारून डोक्याच्या केसांची कडा तपासली. पाळी गेल्यानंतर काही स्त्रियांमध्ये ती कडा मागे सरकू लागते आणि भुवया कधीकधी त्याच्याही आधी जातात. स्टीव्हन कोसार्ड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९९४ मध्ये या विकाराचे प्रथम वर्णन केले. तो मला नव्हता. चाईही नव्हती. चाईमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते आणि गोल, तुळतुळीत ठिगळे पडतात. माझी ठिगळे कशीही, वेडीवाकडी होती.

‘‘बाहेरचा तिसरा हिस्सा दोन्हीकडे गेला आहे,’’ त्या म्हणाल्या. भुवईचा शेपटाकडचा भाग असा झडलेला दिसला की थायरॉइड तपासावे, ही डॉक्टरांची जुनी शिकवण आहे. या खुणेला एर्तोग नावाच्या बेल्जियन वैद्याचे नाव दिलेले आहे. मग त्यांनी सहज विचारावे तसे विचारले, ‘‘भुवईला सारखा हात लागतो का?’’ मी नाही म्हणणार होते. पण तोपर्यंत माझा डावा हात माझ्या डाव्या भुवईवर होता, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये एक केस धरलेला होता. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे सौजन्य. वाचताना, विचार करताना, कोणाचे बोलणे ऐकताना मी भुवई चाचपते आणि हाताला लागेल तो केस हलकेच ओढते, हे मला त्या क्षणापर्यंत खरोखरच ठाऊक नव्हते. रक्ततपासणीत थायरॉइडही मंद निघाले. रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक बारीकशी गोळी सुरू झाली आणि पाचव्या महिन्यात दोन्ही शेपटांवर बाळाच्या जावळासारखे मऊ केस दिसू लागले. मधल्या ठिगळात मात्र काही उगवले नाही. ‘‘ती जागा तुमच्या दोऱ्याची किंवा हाताची असावी,’’ असे पुढच्या भेटीत डॉक्टर म्हणाल्या. एवढ्याशा पट्टीत तीन गुन्हेगार, आणि त्यांतले दोन मीच.

उपायांच्या वाटेला मीही गेले, पण त्याचे फार पुराण लावण्यात अर्थ नाही. एरंडेलाने केस रात्रीपुरते काळेभोर आणि जाड दिसतात, उशीचा अभ्रा कायमचा खराब होतो, आणि नवे केस येतात याला भक्कम आधार नाही. मिनॉक्सिडिल हे खरे तर डोक्यासाठीचे औषध; भुवयांसाठीही डॉक्टर ते कधीकधी देतात, पण डोळ्यात जाऊ नये म्हणून कापसाच्या काडीने जपून लावावे लागते आणि सोडले की मिळवलेले हळूहळू परत जाते. मी सहा महिन्यांनी सोडले. भुवयांचे रोपणही होते. त्यात डोक्याच्या मागच्या बाजूचे केस आणून लावतात; पण ते केस आपला स्वभाव विसरत नाहीत, भुवईच्या जागी बसूनही डोक्यावरच्यासारखे वाढत राहतात आणि त्यांना सारखी कात्री लावावी लागते. हे ऐकून मला माहेरचे वळण न सोडणाऱ्या सासुरवाशिणी आठवल्या.

मायक्रोब्लेडिंगसाठी मात्र मी खुर्चीपर्यंत पोहोचले होते. बारीक पात्याने कातडीत केसासारख्या चिरा पाडून त्यात रंग भरतात. तो साधारण एक ते तीन वर्षांत फिका होत जातो, कधी तांबूस पडतो, कधी निळसर. तिथल्या मुलीने मापे घेऊन माझ्या कपाळावर दोन सुबक कमानी आखल्या, हातात लहान आरसा दिला आणि विचारले, ‘‘अजून थोड्या जाड करू?’’ मी आरसा परत दिला, कपाळ पुसले आणि उठले. कमानी वाईट नव्हत्या. पण तोच आरसा, तीच मागे कललेली खुर्ची, आणि तोच प्रश्न उलटा करून विचारलेला. तिथे हो म्हणण्याचे धाडस मला झाले नाही.

भुवई चितारायला मी शिकले ती स्वतःच्या चेहऱ्यावर नव्हे, आत्याच्या. तिची केमोथेरपी चालू होती. डोक्यावरचे केस जाणार हे तिला आधीच सांगितलेले होते, म्हणून तिने ते स्वतःहून बारीक कापून घेतले होते, रुमाल आणून ठेवले होते. भुवयांबद्दल कोणी काही बोलले नव्हते. जे जायचे ते सगळे गेले असे वाटत असतानाच त्या गेल्या, आणि माझी खमकी आत्या पहिल्यांदा रडली. ‘‘डोकं झाकता येतं गं,’’ ती म्हणाली, ‘‘पण इथं काय बांधू?’’ आरशातला चेहरा आजारी दिसतो याचे तिला दुःख नव्हते, तो कोणाचाच दिसत नाही याचे होते. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध व्यक्तींच्या छायाचित्रांतून कधी डोळे, तर कधी भुवया पुसून ती लोकांना ओळखायला दिली होती, आणि डोळे नसलेल्या चेहऱ्यांपेक्षा भुवया नसलेले चेहरे ओळखणे लोकांना जास्त जड गेले होते. हे मी फार नंतर वाचले. आत्याला ते संशोधनाशिवायच कळले होते.

मग पाहुणे यायचे असले किंवा दवाखान्यात जायचे असले की मी तिच्यासमोर स्टूल घेऊन बसत असे. केस नसलेल्या जागी पेन्सिल चालवणे फार कठीण असते. टोकाला अडायला काही नसते, कातडी हाडावरून सरकते, आणि रेघ बाहुलीच्या भुवईसारखी एकसंध, खोटी उमटते. म्हणून मी आधी डाव्या अंगठ्याने हाडाची कड चाचपत असे. ती कोमट आणि अपेक्षेपेक्षा नाजूक होती. मग एकेक केस काढायचा. तेव्हाच मला पहिल्यांदा दिसले, म्हणजे आठवावे लागले, की नाकाजवळचे केस सरळ उभे असतात, पुढे ते कलतात, वरच्या रांगेतले खाली वळतात, खालच्या रांगेतले वर वळतात आणि दोन्ही रांगा मध्यावर एकमेकींना भेटतात. इतकी वर्षे इतक्या जणांकडे पाहिले होते, पण हे कधी पाहिले नव्हते. आत्या डोळे मिटून बसायची आणि सूचना द्यायची. एकदा बिलाच्या घोळावरून तिला दवाखान्यात जाब विचारायचा होता. ‘‘आज जरा रागीट काढ,’’ ती म्हणाली. मी आतली टोके थोडी खाली ओढली. तिने आरशात पाहिले, कपाळ हलवून पाहिले आणि म्हणाली, ‘‘आणखी.’’ उपचार संपल्यावर काही महिन्यांनी तिच्या भुवया परत आल्या, करड्या आणि वाटेल त्या दिशेला. तिने त्यांना कधी पेन्सिलीचे टोकही लागू दिले नाही. मी काढलेल्या भुवया जास्त सरळ होत्या, असे मला वाटले होते. पण ते मी तिला बोलले नाही.

एवढे सगळे पाहिलेल्या बाईने आपल्या अर्ध्या भुवईचा नऊ तासांचा हिशेब मांडत बसावे, याची मला लाजही वाटते. मला कोणताही मोठा आजार नाही. फार तर उन्हात चढ चढताना घाम डाव्या डोळ्यात थेट उतरतो, कारण त्याला बाजूला वळवणारा बांध तिथे उरलेला नाही. डोळा चुरचुरतो, रुमालावर पेन्सिलीचा तपकिरी डाग पडतो. एवढेच. पण लाज वाटली म्हणून टोचणे थांबत नाही, आणि लहान दुःखाला मोठे दुःख दाखवून गप्प करता येते असे मला वाटेनासे झाले आहे. आत्यानेही मला तसे कधी केले नसते. तिने पेन्सिल मागितली असती.

शेवटी पंधरा दिवसांनी मीच एका सहकारी मैत्रिणीला विचारले. तिने क्षणभर माझ्या कपाळाकडे पाहिले आणि नजर खाली घेतली.

‘‘दिसलं होतं ना,’’ ती म्हणाली. ‘‘पण मला वाटलं, तू दिवसभर कोणावर तरी संशय घेऊन बसली आहेस. एक भुवई वर, एक नाहीच. बैठकीत तू साहेबांकडे बघत होतीस तेव्हा त्यांनी स्वतःहून कामाची मुदत वाढवून दिली, आठवतं का?’’

मुदत वाढली होती हे मला आठवत होते. ती माझ्या मुद्देसूद बोलण्यामुळे वाढली अशी माझी समजूत होती. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, आणि डोळे पुसताना मी हात सवयीने भुवईपासून दूर ठेवला. ती भुवईबद्दल पुढे काही बोलली नाही. मीही विचारले नाही की मग तिने नजर खाली का घेतली.

आता सकाळी मी डाव्या भुवईपासून सुरुवात करते. आधी नाकाजवळचे उभे केस, मग ते करंगळीच्या टोकाएवढे ठिगळ, मग शेपूट. उजवी शेवटी. मध्येच फोन वाजला तर तिचे स्वतःचे बऱ्यापैकी शिल्लक आहे. एक दिवस ती निभावून नेईल.